माळरान ओसाड कुणी ठरवलं?

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. वृक्षारोपणासाठी आम्ही मुलांना घेऊन गावाबाहेरच्या माळावर गेलो होतो. सातवी-आठवीची मुलं, दोनशे रोपं, चार कुदळी आणि फोटो काढायला एक मोबाइल. रोपं सगळी ग्लिरिसिडियाची, म्हणजे गिरिपुष्पाची. खड्डे आदल्या दिवशीच घेऊन ठेवले होते. तेवढ्यात मेंढरं घेऊन एक म्हातारे धनगर आले आणि काठीवर हनुवटी टेकवून बघत उभे राहिले.

थोड्या वेळानं म्हणाले, "सर, झाडं लावताय, चांगलंच हाय. पर हितंच का?"

मी म्हटलं, "बाबा, ओसाड पडलीय जागा. हिरवीगार होईल."

"वसाड कुठाय? ही मारवेल बगा, ती कुसळी. पावसाळ्याचं चार महिनं माझी दीडशे मेंढरं ह्याच्यावरच हायती. झाडाच्या सावलीत गवत न्हाई ऱ्हायलं, तर ती काय खातील?"

मी भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. गवत माझ्या विषयात येत नाही, पण 'ओसाड' हा शब्द येतो. 'ओसाड'चा विरुद्धार्थी शब्द 'सुपीक' असं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय. त्या दिवशी घरी आल्यावर प्रश्न पडला की, या माळाला ओसाड म्हणायला मला शिकवलं कुणी? उत्तर शोधत गेलो आणि थेट आफ्रिकेत पोचलो. त्या शोधाचीच ही हकिकत आहे.

साहिल आणि सॅव्हाना

जिथे गवत सलग असतं आणि झाडं विखुरलेली असतात, अशा प्रदेशाला भूगोलात 'सॅव्हाना' म्हणतात. हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये आला आणि तिथून जगभर गेला. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला जो कोरडा पट्टा आहे त्याला 'साहेल' म्हणतात. उर्दू वाचकांना हा शब्द परका वाटू नये. तो आपला 'साहिल'च आहे, म्हणजे किनारा. अरब व्यापाऱ्यांच्या दृष्टीनं सहारा हा वाळूचा समुद्र होता. तो पार करून उंटांचे तांडे जिथे पोचत, तो त्याचा किनारा. साहेलच्या दक्षिणेला सॅव्हानाचा मोठा पट्टा सुरू होतो. सुदानपासून सेनेगालपर्यंत या भागात फुलानी आणि इतर पशुपालक समाज शेकडो वर्षांपासून गुरं राखत आले आहेत. त्यांत बहुसंख्य मुसलमान आहेत.

या प्रदेशाचं एक जुनं वर्णन इब्न बतूतानं लिहून ठेवलं आहे. हा प्रवासी आपल्याही ओळखीचा. दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाच्या दरबारी तो काझी होता आणि दौलताबादविषयीही त्यानं लिहिलं आहे. पुढे १३५२ मध्ये तो सहारा ओलांडून मालीच्या राज्यात गेला. वाटेत त्याला प्रचंड घेराची जुनी झाडं दिसली. एकेका झाडाच्या सावलीत सगळा काफिला बसू शकेल, एवढी मोठी. एका झाडाच्या पोकळ खोडात तर एक विणकर माग मांडून विणत बसला होता, याचं त्याला मोठं नवल वाटलं. अभ्यासक ही झाडं बाओबाब, म्हणजे आपल्याकडची गोरखचिंच, मानतात. म्हणजे साडेसहाशे वर्षांपूर्वीही तिथे दूरदूर उभी असलेली मोठी झाडं, खालून चाललेले तांडे आणि झाडाचा उपयोग करून घेणारी माणसं होती. ती भूमी रिकामी नव्हती.

नकाशे काढणाऱ्यांची चूक

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी पश्चिम आफ्रिका ताब्यात घेतली. त्यांच्यासोबत वनाधिकारी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आले. युरोपातल्या दाट जंगलांवर पोसलेल्या त्यांच्या नजरेला झाडं विरळ दिसली, गवताला लावलेली आग दिसली आणि चरणारी गुरं दिसली. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की इथे पूर्वी घनदाट जंगल होतं आणि ते स्थानिक लोकांनी जाळून, तोडून, चारून संपवलं. उरलं ते गवत.

आंद्रे ऑब्रेव्हिल या फ्रेंच वनशास्त्रज्ञाचं आफ्रिकेतली जंगलं, हवामान आणि वाळवंटीकरण यांवरचं पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झालं. 'वाळवंटीकरण' हा आज सगळीकडे वापरला जाणारा शब्द रूढ करण्यात त्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. पुस्तकाचा सूर असा की माणूस जंगलाचं सॅव्हाना करतो आणि सॅव्हानाचं वाळवंट.

अशी कथा एकदा सरकारी कागदावर चढली की तिच्यावरून कायदे होतात. आग लावली तर दंड, गुरं चारली तर दंड, झाड तोडलं तर दंड. साम्राज्य गेलं तरी ती फाइल टेबलावरच राहिली. स्वतंत्र झालेल्या देशांच्या वनखात्यांनी तीच कथा पुढे चालवली आणि मदत देणाऱ्या परदेशी संस्थांनीही तीच वाचली. इतिहासाच्या वाचकांना हे नवं नाही. एका ग्रंथातलं विधान दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात उतरत जातं. मूळ पुरावा कुणी उघडून बघत नाही, आणि ज्यांच्याविषयी विधान केलेलं असतं त्यांना कुणी विचारत नाही.

शास्त्रज्ञ एकत्र आले

या कथेला पहिले तडे विज्ञानाच्या आतूनच गेले. आयव्हरी कोस्टमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला 'लामतो' हे संशोधन केंद्र उभं राहिलं. माक्सिम लामोत आणि झाँ-लुक तूर्निए या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून हे नाव तयार झालं. तिथल्या गवताला दरवर्षी जानेवारीत आग लावली जाते. संशोधकांनी एक तुकडा आगीपासून वाचवून ठेवला आणि काय होतं ते वर्षानुवर्षं पाहिलं. तिथे झाडी दाटत गेली आणि गवत मागे हटलं. पाऊस पुरेसा असलेल्या त्या जागी सॅव्हाना टिकून होतं ते आगीमुळे. वनखातं जिला शत्रू समजत होतं, त्या आगीचं हे वेगळंच रूप होतं.

एका केंद्रातली गोष्ट सगळ्या जगाला लागू पडते का? हे पाहायचं तर अनेक देशांनी एकत्र यायला हवं होतं. डिसेंबर १९८५ मध्ये हरारे इथे तशी बैठक झाली. झिंबाब्वे स्वतंत्र होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र संघटना आणि युनेस्कोचा 'मानव आणि जीवावरण' कार्यक्रम यांनी सॅव्हानाच्या संयुक्त अभ्यासाचा उपक्रम हाती घेतला. आफ्रिकेतले पीटर फ्रॉस्ट, व्हेनेझुएलाचे अर्नेस्तो मेदिना, लामतोत काम केलेले झाँ-क्लोद मनो, अर्जेंटिनात जन्मलेले आणि अमेरिकेत शिकवणारे ऑटो सोलब्रिग, ब्रायन वॉकर, माइक स्विफ्ट अशा मंडळींनी पुढच्या वर्षी त्याचा आराखडा मांडला. आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या तीन खंडांतल्या सॅव्हानांची तुलना एकाच मोजपट्टीनं करायची, हा त्यामागचा विचार होता.

त्यांची मांडणी सोपी करून सांगायची तर सॅव्हाना चार गोष्टींवर ठरतं. झाडांना मिळणारं पाणी, जमिनीतली पोषकद्रव्यं, आग आणि चरणारे प्राणी. पाणी आणि माती पाया घालतात. त्या पायावर गवत किती आणि झाडं किती, हे आग आणि चराई ठरवतात. या उपक्रमाच्या नावातच 'ताण' आणि 'व्यत्यय' हे शब्द होते. अभ्यास पुढे गेला तसं दिसू लागलं की आग आणि चराई हे नेहमीच बाहेरून आलेले व्यत्यय नसतात. अनेक ठिकाणी ते त्या व्यवस्थेचेच भाग असतात.

पुढे २००५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. आफ्रिकेतल्या ८५४ ठिकाणांची माहिती एकत्र करून तो केला होता. अनेक देशांतल्या संशोधकांच्या या गटाचं नेतृत्व महेश शंकरन या भारतीय शास्त्रज्ञाकडे होतं. आज ते बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात आहेत. आफ्रिकेत वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो तिथे झाडी किती वाढेल यावर पाण्याचीच मर्यादा असते, असं या अभ्यासात दिसलं. तिथे आग नसली, गुरं नसली तरी दाट जंगल होणार नाही. त्याहून जास्त पाऊस असेल तिथे मात्र आग आणि चराई थांबली तर झाडी दाटू शकते. म्हणजे विरळ झाडी बघून 'इथे कुणीतरी जंगल संपवलंय' असं म्हणणं हा पुरावा नव्हे, तो अंदाज आहे.

किस्सिदुगूच्या म्हाताऱ्यांनी जे सांगितलं

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते गिनी देशातल्या किस्सिदुगूच्या अभ्यासानं. या भागात सॅव्हानाच्या मधोमध प्रत्येक गावाभोवती दाट झाडीचं एक बेट दिसतं. अधिकाऱ्यांची शंभर वर्षांची समजूत अशी की, पूर्वी सगळीकडे जंगल होतं, लोकांनी ते संपवलं आणि गावाभोवती एवढंच उरलं.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स फेअरहेड आणि मेलिसा लीच हे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ तिथे गेले. दोमिनिक मिलिमुनो आणि मारी कामानो हे गिनीतले सहकारी त्यांच्यासोबत होते. त्यांनी दोन साध्या गोष्टी केल्या. एक, १९५२ मध्ये विमानातून काढलेली छायाचित्रं आणि १९८९-९० ची उपग्रहचित्रं शेजारी ठेवली. दोन, गावातल्या वृद्धांना विचारलं, "हे जंगल आलं कुठून?"

वृद्धांनी सांगितलं, आमच्या पूर्वजांनी गाव वसवलं तेव्हा इथे गवत होतं. जंगल आम्ही केलं. कसं केलं, तेही सांगितलं. गावाजवळ गुरं बांधली की गवत कमी होतं. छपरासाठी गवत कापलं की आगीला खाद्य उरत नाही. हंगामाच्या सुरुवातीलाच गावाभोवती थोडं थोडं जाळून घेतलं की पुढे मोठा वणवा गावात शिरत नाही. राख, शेण आणि खरकटं पडून माती सुधारते. मग झाडं आपोआप येतात. शिवाय लढायांच्या काळात तटबंदीसाठी सावरीच्या जातीची मोठी झाडं मुद्दाम लावली जात.

छायाचित्रांनी त्यांना दुजोरा दिला. त्या काळात झाडीची बेटं घटली नव्हती. ती टिकून होती किंवा वाढली होती. ज्यांना जंगल संपवल्याबद्दल दंड होत होता, तेच जंगल वाढवत होते. १९९६ मध्ये हा अभ्यास पुस्तकरूपानं आला. आफ्रिकेच्या भूमीचं चुकीचं वाचन, असंच काहीसं त्याचं नाव आहे.

भाषाशिक्षक म्हणून मला ही गोष्ट फार लागली. मजकूर समोर होता, वाचणारे शिकलेले होते, तरी वाचन उलटं झालं. कारण तो मजकूर ज्यांनी लिहिला होता, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आग कुणाच्या हातात?

विचारलं तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण उत्तर ऑस्ट्रेलियात सापडतं. आर्नहेम लँडच्या पठारावर आदिवासी लोक हजारो वर्षांपासून कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला छोट्या छोट्या आगी लावत आले होते. विसाव्या शतकात लोक पठार सोडून मिशन आणि शहरांकडे गेले, काही स्वतःहून, काही नाइलाजानं. पठार रिकामं झालं. मग हंगामाच्या शेवटी, गवत पूर्ण वाळल्यावर, अवाढव्य वणवे पेटू लागले.

बर्दायल नाजमेरेक या वयोवृद्ध आदिवासी चित्रकारानं आणि त्यांच्या पिढीतल्या जाणत्यांनी आपलं ज्ञान शास्त्रज्ञांपुढे मांडलं. डार्विनमधल्या संशोधकांनी त्याला उपग्रहाची आणि मोजमापाची जोड दिली. २००६ पासून सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवर ही पद्धत पुन्हा सुरू झाली. लवकरच्या थंड आगीत कमी गवत जळतं आणि धूरही कमी होतो. जेवढा धूर वाचला तेवढ्याचा मोबदला डार्विनच्या एका नैसर्गिक वायू प्रकल्पाकडून आदिवासी रखवालदारांना मिळू लागला. पुढे हाच अनुभव घेऊन एक आंतरराष्ट्रीय उपक्रम उभा राहिला आणि ऑस्ट्रेलियातले रखवालदार बोट्स्वानातल्या गावकऱ्यांना भेटायला गेले. हरारेत शास्त्रज्ञांनी शास्त्रज्ञांशी हात मिळवला होता. इथे आग हाताळणाऱ्यांनी आग हाताळणाऱ्यांशी मिळवला. मला हा बदल मोठा वाटतो.

आपला माळ

आता पुन्हा आपल्या माळावर येऊ. २०११ मध्ये जयश्री रत्नम, महेश शंकरन आणि दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लेख लिहिला. प्रश्न असा होता की, 'जंगल' म्हणून नोंदवलेली जागा प्रत्यक्षात सॅव्हाना कधी असते? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत दहा टक्के जमिनीवर झाडांची छाया असली तरी ते जंगल. खाली गवत आहे की नाही, हे ती व्याख्या विचारतच नाही. त्यामुळे आपल्याकडची कितीतरी माळरानं एक तर 'निकृष्ट जंगल' ठरतात किंवा 'पडीक जमीन'.

या पडीक जमिनीत काय आहे? माळढोक आहे, लांडगा आहे, चिंकारा आहे. दख्खनी मेंढी आहे, जिच्या लोकरीची घोंगडी होते. उस्मानाबादी शेळी आहे. बकरी ईदला आपण बाजारात जो बोकड हात फिरवून पारखतो, तो बहुतेक वेळा अशाच एखाद्या गायरानावर, माळावर वाढलेला असतो. २०२२ मध्ये आलेल्या एका अभ्यासात भारतीय द्वीपकल्पाच्या सॅव्हानात, जगात इतरत्र कुठेही न सापडणाऱ्या २०६ वनस्पती मोजल्या आहेत.

पण हे माळ पूर्वी जंगल नव्हते कशावरून? याचं उत्तर २०२५ मध्ये आलं, आणि ते चक्क मराठी साहित्यातून आलं. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात काम करणारे आशिष नेर्लेकर आणि पुण्याच्या आयसरमधले दिग्विजय पाटील यांनी तेराव्या ते विसाव्या शतकापर्यंतचं मराठी साहित्य, ओव्या, आख्यायिका वाचल्या आणि त्यांत कोणत्या रानवनस्पतींचा उल्लेख येतो ते नोंदवलं. पश्चिम महाराष्ट्रातल्या जागांशी जोडलेल्या ४४ जंगली वनस्पती निघाल्या. त्यांतल्या २७ सॅव्हानातल्या आहेत. तरटीचं उदाहरण घ्या. हे काटेरी झाड उघड्या माळावरचं आहे. पंढरपूरच्या देवळात कान्होपात्रेच्या आठवणीशी जोडलेलं झाड तरटीचंच. म्हणजे इंग्रज यायच्या कितीतरी आधी, साडेसातशे वर्षांपूर्वीही इथे माळ होता आणि मराठी माणूस त्याला ओळखत होता.

ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. गिनीतल्या वृद्धांनी तोंडी जे सांगितलं, ते आपल्या पूर्वजांनी ओव्यांतून सांगून ठेवलं होतं. आपण ते भक्ती म्हणून वाचलं, साहित्य म्हणून वाचलं. जमिनीची साक्ष म्हणून वाचलं नव्हतं.

प्रश्न आजचा आहे

हा वाद केवळ अभ्यासकांचा नाही. २०११ मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात जगातल्या देशांपुढे एक उद्दिष्ट ठेवलं गेलं. आधी १५ कोटी आणि नंतर २०३० पर्यंत ३५ कोटी हेक्टर जमीन पुन्हा वनाच्छादित करण्याचं. २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात, जगात आणखी ९० कोटी हेक्टरवर झाडांची छाया वाढवता येईल, असा निबंध आला. काही महिन्यांतच सॅव्हानाच्या अनेक देशांतल्या अभ्यासकांनी त्याला लेखी उत्तर दिलं. गवताळ प्रदेश रिकामे धरल्यामुळे त्या झाडांत साठणाऱ्या कार्बनचा अंदाज सुमारे पाचपट फुगला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. नकाशावर जी जागा 'रिकामी' म्हणून रंगवली जाते, तिथे कुणाची तरी मेंढरं चरत असतात. कुंपण पडतं तेव्हा पहिला माणूस तोच बाहेर राहतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सगळं माळरान मूळचंच आहे आणि जंगलतोड कुठे झालीच नाही, असं मी म्हणत नाही. सह्याद्रीत जंगल तुटलं आहे. अतिचराईनं काही गायरानं खरोखर उजाड झाली आहेत. आपल्या माळावर आग लावावी की नाही, याचं उत्तर आर्नहेम लँडवरून आणता येणार नाही. म्हणून तर शास्त्र हवं. पण त्या शास्त्रात मेंढपाळाचं म्हणणं पुरावा म्हणून नोंदलं गेलं पाहिजे, तक्रार म्हणून नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ प्रदेश आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्या निमित्तानं तरी ही सुरुवात व्हावी.

आमच्या दोनशे रोपांचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. निम्म्याहून जास्त उन्हाळ्यात वाळली. पुढच्या वर्षी आम्ही रोपं शाळेच्या आवारात आणि रस्त्याच्या कडेला लावली. माळावर मुलांना घेऊन गेलो ते वह्या घेऊन. म्हातारे बाबा होतेच. मुलं त्यांना एकेका गवताचं नाव विचारत होती आणि लिहून घेत होती. उर्दूत कसं लिहायचं, मराठीत कसं लिहायचं, हे मी सांगत होतो. त्या दिवशी बावीस नावं मिळाली. त्यांतली मला आधीपासून ठाऊक होती ती तीन.

फळ्यावर 'ओसाड'चा विरुद्धार्थी शब्द मी अजूनही लिहितो. फक्त आता आधी मुलांना विचारतो, "ओसाड कुणासाठी?"